ऑपरेशनच्या संध्याकाळी पायावर उभं राहणं

मणक्याच्या ऑपरेशननंतर त्याच दिवशी पेशंटला खाटेवरून उठवायचं म्हटलं की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. "मॅडम, आज? पाठीत स्क्रू बसवलेत ना?" कुणी तर सरळ खाटेच्या आडवंच येऊन उभं राहतं. मी मणक्याच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटला पहिल्यांदा बसवायचं, उभं करायचं, चार पावलं चालवायचं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न आधी माझ्याच वाट्याला येतो. वॉर्डात उभ्या-उभ्या त्याचं पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. त्या संध्याकाळी पेशंट उभा राहतो त्याची तयारी काही आठवडे आधी सुरू झालेली असते, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्यांनी केलेलं असतं.

या तयारीला हॉस्पिटलात सगळे 'इरास' म्हणतात, म्हणजे 'एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी', ऑपरेशननंतर लवकर सावरण्याची पद्धत. तिचं मूळ मणक्यात नाही, आतड्यात आहे. हेन्रिक केलेट या डॅनिश सर्जननी १९९० च्या दशकात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनबद्दल एक प्रश्न लावून धरला होता: ऑपरेशन नीट झालंय, मग हा पेशंट अजून हॉस्पिटलात का आहे? तर दुखतंय, मळमळतंय, पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही, नळ्या लावलेल्या आहेत. यातलं बरंच काही टाळता येण्याजोगं होतं. १९९७ सालच्या लेखात त्यांनी मांडलं की एखादीच गोष्ट सुधारून भागणार नाही, दुखणं, खाणंपिणं, हालचाल या सगळ्याला एकाच वेळी हात घालावा लागेल. पुढे २०१० मध्ये इरास सोसायटी स्थापन झाली. एकेका ऑपरेशनसाठी शिफारशी येत गेल्या, पण कमरेच्या फ्युजनचा, म्हणजे मणके एकमेकांना जोडण्याच्या ऑपरेशनचा, नंबर लागायला २०२१ साल उजाडलं. त्यात २१ बाबींवर मिळून २८ शिफारशी आहेत.

मणक्याला एवढा उशीर का झाला, याचं माझं उत्तर मी रोज वॉर्डात बघते. आमच्याकडे येणारा माणूस ऑपरेशनच्या आधीच थकलेला असतो. वर्ष-दोन वर्षं नस दबलेली, झोप मोडलेली, गोळ्या चालू, आणि वाकलो तर काहीतरी होईल ही भीती अंगात मुरलेली. त्यात फ्युजनसाठी पाठीचे स्नायू हाडापासून सोडवून बाजूला सारावे लागतात, आणि ऑपरेशननंतर कूस बदलायलाही तेच स्नायू लागतात. अशा माणसाला लवकर उठवायचं तर नुसतं धाडस दाखवून चालत नाही.

पाण्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. 'रात्री बारानंतर काही नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही' हे वाक्य वर्षानुवर्षं चालत आलंय. त्यामागची भीती खोटी नव्हे. बाळंतपणात पूर्ण भूल दिलेल्या बायकांच्या पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर काय होतं, हे मेंडेल्सन या डॉक्टरांनी १९४६ साली लिहिलं, आणि भूल म्हटली की पोट रिकामंच हवं हे सगळीकडे पक्कं झालं. पण पाणी पोटात रेंगाळत नाही, निरोगी माणसाच्या जठरातून ते भराभर पुढे सरकतं. म्हणून भूलतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना गेली कित्येक वर्षं सांगताहेत की हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत आणि पाणी, गाळलेला रस, दूध न घातलेला चहा किंवा कॉफी २ तास आधीपर्यंत चालते. ज्यांचं पोट मधुमेहामुळे संथ झालंय किंवा ज्यांचं ऑपरेशन तातडीचं आहे, त्यांचा हिशोब वेगळा. तो भूलतज्ज्ञच करतात आणि तो पाळायलाच हवा.

आता यात फिजिओथेरपिस्टचा काय संबंध? सकाळी आठचं ऑपरेशन दुपारी दोनवर ढकललं गेलं, तर बारा वाजल्यापासून तोंड बंद ठेवलेला माणूस चौदा तास कोरडा राहतो. संध्याकाळी मी त्याला बसवते तेव्हा त्याचं बीपी खाली येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तो परत आडवा होतो. घरच्यांना वाटतं, ऑपरेशन झेपलं नाही. बऱ्याचदा सकाळी न मिळालेलं पाणीही त्याला तितकंच कारण असतं. म्हणून ऑपरेशनची वेळ पुढे गेली की भूलतज्ज्ञांना विचारून पेशंटला पाणी देणारी सिस्टर माझ्या लेखी अर्धं काम करून ठेवते. काही ठिकाणी ऑपरेशनआधी साखरेचं खास पेयही देतात. त्याचा बराचसा पुरावा पोटाच्या ऑपरेशनमधला आहे, मणक्यासाठी तो तेवढा भक्कम नाही, त्यामुळे मी त्याचा आग्रह धरत नाही. पाण्याचा मात्र धरते.

त्याही आधीची तयारी ओपीडीत होते. हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्ताची धावपळ करण्यापेक्षा काही आठवडे आधी कारण शोधून लोह भरून काढायचं. साखर आटोक्यात आणायची, कारण वाढलेल्या साखरेत जखम पिकण्याचा धोका वाढतो. आणि सिगारेट, तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद. फ्युजन म्हणजे दोन मणके एकमेकांना हाडानं जोडले जाणं. स्क्रू आणि रॉड त्यांना तेवढ्यापुरते धरून ठेवतात, खरा सांधा शरीरानं नवं हाड घालून तयार करायचा असतो. निकोटिन नेमका त्याच कामात खोडा घालतं. बारीकशा शिरा आवळल्या जातात, नव्या हाडाला रक्त पुरत नाही, आणि काही महिन्यांनी हाड जुळलंच नाही असं एक्स-रेत दिसतं. व्यसनाबद्दल बोलताना बरेच डॉक्टर उपदेशाचा सूर लावतात आणि पेशंटचं लक्ष उडतं. मी स्क्रूचं चित्र काढून दाखवते. ते लोकांना पटतं.

ऑपरेशनआधीच्या व्यायामाबद्दल मला खरं तेच लिहायचंय, जरी तो माझ्याच विषयाचा भाग असला तरी. कमरेच्या फ्युजनसाठी आधी व्यायाम करून घेतल्यानं नंतर फायदा होतो का, याचा पुरावा इतका कच्चा आणि एकमेकांशी न जुळणारा निघाला की २०२१ च्या शिफारशींमधून तो मुद्दा वगळला गेला. मला ते वाचून वाईट वाटलं, पण निर्णय योग्य होता. तरीही ऑपरेशनआधी मी प्रत्येक पेशंटला एकदा भेटतेच, आणि ते स्नायू बळकट करण्यासाठी नसतं. अंगाला ओंडक्यासारखं एकसंध ठेवून कूस कशी बदलायची, खाटेवरून कसं उठायचं, हे पाठ दुखत नसताना एकदा करून बघितलेलं असलं की ऑपरेशननंतर भूल पुरती उतरलेली नसतानाही शरीराला ते आठवतं. त्या भेटीला घरचं एक माणूस बरोबर आणा असं मी बजावून सांगते. संध्याकाळी खाटेच्या आडवं येणारं माणूस सहसा त्या भेटीला न आलेलं असतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये माझं काही काम नसतं, पण तिथे काय झालं ते मला संध्याकाळी दिसतं. पेशंट पालथा असतो, तासन्‌तास. अंग गार पडू नये म्हणून गरम हवेचं पांघरूण घालतात, कारण शरीर गार पडलं की रक्त नीट गोठत नाही आणि जखमेत जंतू वाढायला वाव मिळतो. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झामिक ॲसिड देतात. चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक. सलाईन मोजून, उगाच बाटल्यांवर बाटल्या नाहीत. टाके घालताना जखमेच्या कडांना बधिर करणारं औषध टोचलं, किंवा भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीवर बघत पाठीच्या स्नायूंच्या पदरात ते सोडलं, की त्या संध्याकाळी पेशंटचं बोलणंच वेगळं असतं. पाठीतल्या त्या इंजेक्शनची पद्धत २०१६ साली प्रथम लिहिली गेली आणि काही वर्षांत जगभर पसरली.

दुखणं थांबवण्याच्या पद्धतीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं सगळं काम त्यावर उभं आहे. एकट्या मॉर्फिनवर दुखणं दाबायचं ठरवलं तर ते दबतं, पण माणूस गुंगतो. मळमळ होते, उलटीच्या उमाळ्यानं पाठीला झटके बसतात. लघवी तुंबते, म्हणून नळी ठेवावी लागते. नळी आहे म्हणून तो उठत नाही. उठत नाही म्हणून पोट साफ होत नाही, आणि मग कुंथताना पाठ दुखते म्हणून आणखी मॉर्फिन. हे चक्र तोडायला चार वेगवेगळ्या वाटांनी थोडं थोडं औषध द्यायचं असतं: पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, मूत्रपिंड आणि पोट धड असेल तर सूज उतरवणारं औषध, जखमेतलं बधिर करणारं औषध, आणि मॉर्फिन त्यावरही कळ आली तरच. यातला 'ठरलेल्या वेळी' हा भाग सगळ्यात जास्त हुकतो. पेशंट झोपलाय म्हणून गोळी ठेवून दिली जाते, पहाटे तो कळवळत उठतो, आणि मग जे द्यावं लागतं ते मॉर्फिनच.

सूज उतरवणाऱ्या औषधांबद्दल एक जुनी शंका आहे की त्यांनी हाड जुळायला अडथळा येतो. थोडे दिवस, कमी डोसमध्ये घेतल्यानं तसं होत असल्याचं दिसत नाही, पण प्रत्येक सर्जनचं मत वेगळं असतं आणि त्यांना विचारल्याशिवाय घरी ती सुरू करू नयेत. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनसारख्या गोळ्यांबद्दल मी स्वतः फार सावध असते. म्हाताऱ्या माणसांना त्यांनी गरगरतं, आणि माझ्या हातात असलेलं गरगरणारं माणूस म्हणजे पडण्याचा धोका. पण पेशंट त्या आधीपासून घेत असेल तर एकदम बंदही करायच्या नसतात. म्हणून ऑपरेशनआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, असं सांगितलेलं असतं. ते मनावर घ्या.

आता ती संध्याकाळ.

अलीकडच्याच एका आजींचं सांगते. कमरेच्या दोन मणक्यांचं फ्युजन, ऑपरेशन दुपारी संपलेलं. मी गेले तेव्हा त्या डोळे मिटून, दोन्ही मुठी चादरीत रोवून पडल्या होत्या. आधी मी सर्जनची नोंद वाचते. आत मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला छिद्र पडलेलं असेल तर उठवायचं कधी ते सर्जनच ठरवतात, तिथे माझी घाई चालत नाही. तसं काही नव्हतं. मग पावलं वरखाली करून घेतली, अंगठे ओढायला लावले, मांड्यांना आणि बसायच्या जागेला स्पर्श नीट कळतोय का विचारलं. पायात नवा अशक्तपणा किंवा त्या जागी बधिरपणा असता तर उठवणं सोडून मी आधी डॉक्टरांना हाक मारली असती. "आजी, पाठ दुखतेय की पाय?" हे मी नेहमी वेगवेगळं विचारते. त्या क्षणभर थांबल्या. "पाठ ठणकतेय. पाय..." आणि डोळे उघडले. "पाय नाही दुखत गं."

गोळी देऊन पाऊण तास झाला होता, म्हणजे वेळ योग्य होती. गुडघे दुमडले. पलीकडचा हात छातीवरून अलीकडच्या कठड्यावर. माझा एक हात त्यांच्या खांद्याच्या पाठी, एक नितंबावर, आणि खांदा व कंबर एकदम वळली पाहिजे, मागेपुढे नाही. कुशीवर आल्यावर थांबलो. श्वास रोखला होता त्यांनी, तो सोडायला लावला. मग पावलं खाटेखाली सोडायची आणि त्याच वेळी कोपरानं गादी दाबत वर यायचं, पायांचा भारच धड वर उचलून देतो. बसल्या. इथे मी घाई करत नाही. ओठांचा रंग बघते, बोलतं ठेवते, बीपी घेते. त्या म्हणाल्या डोकं हलकं वाटतंय. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून घोटे हलवत बसवलं, दोन घोट पाणी दिलं, रंग परत आला. मग वॉकर पुढे घेऊन उभं केलं. जागच्या जागी पावलं उचलली, दोन पावलं खुर्चीकडे, आणि पाठीला उशी देऊन बसवलं. सुनेनं रुमालानं त्यांचं कपाळ पुसलं. रात्रीचं जेवण आजींनी खुर्चीत बसून केलं आणि लघवीची नळी तिथेच निघाली.

एवढ्यासाठी हा खटाटोप का? पडून राहण्याची किंमत मोठी असते आणि ती फार लवकर वसूल होते. २००७ साली छापलेल्या एका अभ्यासात निरोगी, वयस्कर माणसांना १० दिवस फक्त खाटेवर ठेवलं होतं, ऑपरेशन नाही, आजार नाही. तेवढ्यात त्यांच्या पायांमधलं चरबी सोडून सुमारे एक किलो वजन गेलं, आणि त्यात मुख्यतः स्नायू असतात. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या शरीरात त्यावर ताणाची हार्मोन्सही स्नायू झिजवत असतात. शिवाय पोटरीत रक्ताची गुठळी होणं, फुप्फुसाच्या तळाशी कफ साचणं हे आहेच. स्क्रू हलतील ही भीती मला समजते, पण नीट बसवलेले स्क्रू उभं राहण्याचा आणि चालण्याचा भार घेण्यासाठीच असतात. हाडं फार ठिसूळ असतील किंवा ऑपरेशन लांबलचक असेल तर सर्जन वेगळं सांगतात, आणि तसं आमच्या कागदावर लिहून येतं.

एक शंका मात्र मी उडवून लावत नाही. काही नातेवाईक आवाज खाली आणून विचारतात, "खाट रिकामी करायला तर नाही ना हे सगळं?" विचारणं योग्य आहे. जिथे आधीची भेट नाही, पाणी नाही, गोळ्या वेळेवर नाहीत, आणि फक्त डिस्चार्ज लवकर आहे, तिथे इरासचं नुसतं नाव वापरलंय. घरी सोडायचं ते तारीख बघून सोडायचं नसतं. गोळ्यांवर दुखणं सहन होतंय, खाल्लेलं टिकतंय, लघवी आपली आपण होतेय, पेशंट स्वतः उठून संडासापर्यंत जातोय, घरी जिने असतील तर जिना चढून दाखवलाय, आणि अडचण आली तर फोन कुणाला करायचा हे घरच्यांना ठाऊक आहे. हे झालं की दुसरा दिवस असो वा पाचवा. यातलं काही राहिलं असेल तर थांबा आणि तसं मोकळेपणानं सांगा. एकट्या राहणाऱ्या माणसाला मी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन एक दिवस जास्त मागून घेतलाय आणि पुढेही घेईन.

वॉर्डात आम्ही एक तक्ता ठेवतो. पाणी कधीपर्यंत दिलं, नळी कधी काढली, ड्रेन (जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी) खरंच लागला होता का, पहिल्यांदा कधी उभं केलं, मळमळीचं औषध आधी दिलं का. महिन्यातून एकदा सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि मी तो घेऊन बसतो. मला ही बैठक मनापासून आवडते. पेशंट का उठला नाही याचं उत्तर तिथे एकट्या फिजिओकडे मागितलं जात नाही, सगळे मिळून मागे मागे जात शोधतात, आणि पुष्कळदा ते आदल्या रात्रीपर्यंत पोहोचतं.

घरी गेल्यावरचं मात्र आधी सांगून ठेवायला हवं, आणि ते फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. जखमेत सोडलेलं औषध ओसरतं, हॉस्पिटलात वेळेवर गोळ्या देणारी सिस्टर घरी नसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठ आधीपेक्षा जास्त दुखायला लागते. माणूस घाबरतो, काहीतरी सुटलं असं वाटतं, आणि चालणं बंद करून झोपून राहतो. ताप नसेल, जखमेतून पाणी येत नसेल, पायात नवा अशक्तपणा नसेल आणि लघवी-संडासवर ताबा असेल, तर हे दुखणं बहुतेक वेळा अपेक्षेतलं असतं. गोळ्या ठरलेल्या वेळी घ्यायच्या, पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचं, आणि एकदम लांब फेरी मारण्यापेक्षा दिवसभरात थोडं थोडं, पुन्हा पुन्हा चालायचं. एकाच जागी फार वेळ बसायचं नाही. ताप, जखमेतून पाणी, पायात नवा अशक्तपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, या चारपैकी एक जरी खूण दिसली तर मात्र सकाळची वाट बघू नका, रात्री असलात तरी फोन करा.

आजींच्या सुनेचा तिसऱ्या दिवशी फोन आला होता. दुखणं वाढलंय म्हणाली. मी चारही प्रश्न विचारले, चारही ठीक होते. दुपारची गोळी पेशंट झोपल्या होत्या म्हणून राहिली होती. ती द्या आणि अर्ध्या तासानं खोलीतल्या खोलीत एक फेरी मारा, म्हटलं, आणि संध्याकाळी मला परत कळवा.